बोट स्वस्त, गोदी महाग

परदेशातील बिऱ्हाड मोडून मायदेशी परतणाऱ्या कुटुंबाची शेवटची रात्र बहुधा वजनकाट्याभोवतीच सरते. विमान कंपनीने माणशी २३ किंवा ३० किलोंची मर्यादा घालून दिलेली असते. एकच नग ३२ किलोंच्या पुढे गेला तर तो सहसा स्वीकारलाच जात नाही. आणि समोर पसरलेला असतो तो दहा-पंधरा वर्षांच्या कष्टांतून जमलेला संसार : शिवणयंत्र, हत्यारांची पेटी, पुस्तकांचे गठ्ठे, तांब्यापितळेची भांडी. मस्कतहून रत्नागिरीस परतणारा फिटर असो, की न्यू जर्सीहून पुण्यास येणारा अध्यापक असो, दोघेही अखेर एकाच निष्कर्षाला येतात. सामान जड आहे, तेव्हा ते नेणे परवडणार नाही. मग निम्मे शेजाऱ्यापाजाऱ्यांत वाटले जाते आणि उरलेले पडेल किमतीला विकले जाते. हा निष्कर्ष मात्र तपासून पाहण्याजोगा आहे. समुद्रमार्गे जाणाऱ्या सामानाला जडपणा फारसा महाग पडत नाही. महाग पडते ते बोटीतून उतरल्यानंतरचे सारे.

एके काळी हा प्रश्न या स्वरूपात नव्हताच. मुंबईच्या बॅलार्ड पियरवरून उतारू बोटी सुटत, तेव्हा उतारू आणि त्याची ट्रंक यांचा प्रवास एकत्रच होई. प्रवासात न लागणाऱ्या पेट्यांवर 'नॉट वाँटेड ऑन व्हॉयेज' अशी चिठ्ठी डकवून त्या बोटीच्या पोटात ठेवल्या जात, आणि मुक्कामी पोचल्यावर माणूस व ट्रंक एकाच धक्क्यावर, एकाच दिवशी उतरत. विमानाने ही सोबत मोडली. माणूस काही तासांत पोचू लागला आणि त्याचे जड सामान दीड-दोन महिन्यांनी, तेही परक्या हातांतून फिरत फिरत. मालक जवळ नसलेल्या मालाभोवती मध्यस्थांची साखळी उभी राहावी, यात नवल ते काय!

वास्तविक बोटीचा प्रवास याच काळात स्वस्त होत गेला. २६ एप्रिल १९५६ रोजी माल्कम मॅक्लीन या अमेरिकी ट्रकमालकाने 'आयडियल एक्स' या बोटीवर ५८ पोलादी पेटारे चढवून ती न्यूअर्कहून ह्यूस्टनला धाडली. सुटा माल हमालांकरवी चढविण्यास त्या वेळी टनामागे पावणेसहा डॉलरांहून थोडा अधिक खर्च येई. या पेटाऱ्यांमुळे तो सोळा सेंटांच्या घरात आला. मुंबईसमोर न्हावाशेवा येथे १९८९ साली सुरू झालेले बंदर हे त्याच कंटेनर-युगाचे अपत्य होय. जगाचा व्यापार या स्वस्ताईवर वाढला, परंतु तिचा लाभ घरची एक पेटी पाठविणाऱ्याच्या पदरात पडला नाही.

तो का पडला नाही, हे कळण्यासाठी भाड्याचे गणित थोडे उलगडले पाहिजे. विमानाच्या मालवाहतुकीत एक घनमीटर जागा म्हणजे सुमारे १६७ किलो असे धरतात आणि जागा व वजन यांपैकी जे भारी ठरेल त्यावर आकार घेतात. बोटीत एक घनमीटर म्हणजे एक टन, १,००० किलो. या दोन आकड्यांतच सारी मेख आहे. वीस-बावीस किलो पुस्तकांचे, ४० सेंटिमीटर लांब आणि ३० सेंटिमीटर रुंद व उंच असे खोके घेतले, तर एका घनमीटरमध्ये अशी २७ खोकी मावतात. त्यांचे वजन साडेपाचशे-सहाशे किलो होईल. विमान त्या प्रत्येक किलोचे दाम मागेल. बोट फक्त एका घनमीटरचे मागेल. पुस्तके, हत्यारे, शिवणयंत्र, फार काय, एखाद्या हौशी गृहिणीचा पाटा-वरवंटासुद्धा, या मार्गाने सुखाने जाऊ शकतो. उलट गाद्या, प्लॅस्टिकच्या खुर्च्या आणि लाकडी कपाट या वजनाने हलक्या पण जागा अडविणाऱ्या वस्तूंना बोटीनेही आणणे आतबट्ट्याचे ठरते. लोक नेमके याच्या उलट करतात. जड ते टाकून देतात आणि मोठे ते बोटीत भरतात.

सबंध वीस फुटी कंटेनरमध्ये सुमारे ३३ घनमीटर जागा असते. एका कुटुंबाची गरज दोन-तीन घनमीटरची. म्हणून दलाल अनेकांचे सामान एका कंटेनरमध्ये एकत्र करून पाठवितो. परदेशात सांगितलेला भाव पुष्कळदा केवळ बोटीच्या भाड्याचा असतो आणि तो ऐकून माणूस हरखतो. पेटी न्हावाशेव्याला उतरली की मग खऱ्या हिशेबास सुरुवात होते. बंदरातील हाताळणी, कंटेनर फोडून माल वेगळा करणे, डिलिव्हरी ऑर्डरची फी, गोदामाचे भाडे, क्लिअरिंग एजंटचा मेहनताना, शेवटी टेम्पो. यांतील कित्येक आकार मालाच्या आकारमानावर नव्हे, तर कागदावर लागतात. व्यापाऱ्याच्या शंभर खोक्यांना एक कागद आणि फिटरच्या एका पेटीलाही एकच. त्यामुळे पेटी जितकी लहान, तितका तिच्यावरचा भार मोठा. बोटभाड्याच्या दुप्पट-तिप्पट रक्कम गोदामाच्या खिडकीपाशी मोजावी लागणे हा अशा वेळी अपघात म्हणता येत नाही. माल अडकलेला, मोफत मुदतीचे दिवस सरत चाललेले आणि डेमरेज रोज चढत असलेले. अशा माणसाने घासाघीस ती काय करायची?

दर जाहीर नसतात असे नाही. सीमाशुल्क क्षेत्रातील मालाच्या हाताळणीविषयी २००९ साली जे नियम झाले, त्यांनी दरपत्रक ठळक जागी लावण्याचे बंधन घातले. पण आपली पेटी कोणत्या गोदामात जाणार हे मस्कतमधल्या माणसाला ठाऊक नसते. ते कळते तेव्हा पेटी तेथे पोचलेली असते, आणि भिंतीवरचे दरपत्रक वाचून ती परत फिरविता येत नाही.

वेळेचा जाच निराळाच. २०१६ च्या सामान-नियमांत, दोन वर्षे परदेशी राहून कायमचे परतणाऱ्यास ठराविक घरगुती वस्तूंवर पाच लाख रुपयांपर्यंत करमाफी होती; मात्र मागाहून येणारे सामान मालक भारतात आल्यापासून एका महिन्याच्या आत रवाना झालेले असावे, अथवा आधी आले तर फार तर दोन महिने आधी यावे, अशी अट होती. कागदावर ही सवड पुरेशी दिसते. परंतु कंटेनर भरेपर्यंत दलाल पेटी आठवडेच्या आठवडे ठेवून घेतो, आणि नोव्हेंबर २०२३ पासून तांबड्या समुद्रात बोटींवर हल्ले सुरू झाल्यावर युरोपकडच्या कित्येक बोटी आफ्रिकेला वळसा घालून येऊ लागल्या, तेव्हा तर कोणतेच वेळापत्रक भरवशाचे राहिले नाही. पेटीच्या लाकडाचीही गोष्ट तशीच. किडींचा प्रसार होऊ नये म्हणून २००२ साली ठरलेल्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार कच्च्या लाकडाच्या पेटाऱ्यावर उष्णता अथवा धुरी दिल्याचा शिक्का लागतो. गल्लीतल्या सुताराकडून हौसेने ठोकून घेतलेली पेटी परक्या बंदरात अडते ती याच कारणाने. हा नियम योग्यच आहे. तो खिळे ठोकून झाल्यावर कळतो, एवढेच वाईट.

सामान्यांसाठी एक सरळ रस्ता होता तो टपालाचा. जागतिक टपाल संघ १८७४ साली स्थापन झाला आणि दोनच वर्षांनी हिंदुस्थान त्यात सामील झाला. समुद्रमार्गाने जाणारे पार्सल संथ असे, पण त्याचा दर पोस्टाच्या खिडकीवर छापलेला असे आणि दलाल मध्ये नसे. अमेरिकेत शिकून परतणारे विद्यार्थी पोस्टाच्या पोत्यांत पुस्तके भरून बोटीने पाठवीत. अमेरिकी टपाल खात्याने मे २००७ मध्ये परदेशी समुद्रटपाल बंद केले आणि ती वाट बुजली. विमानाने वेग मिळाला, त्याची किंमत ज्यांना घाई नव्हती त्यांनीही भरली.

याबाबत फिलिपाइन्सचे उदाहरण बोलके आहे. परदेशी राबणाऱ्या लाखो फिलिपिनोंनी घरी पाठविण्याच्या पेटीला तेथे 'बालिकबायन' असे नावच पडले आहे. त्याचा अर्थ मायदेशी परतणारा. ठराविक आकाराचे खोके, त्याला एकच ठरीव दाम, वजनाचा प्रश्न नाही, बोटीने घरपोच, अशी ती रीत. कोराझोन अक्विनो यांच्या कारकीर्दीत १९८७ साली या पेट्यांना करसवलत मिळाली. २०१५ मध्ये कस्टम्सने त्या उघडून तपासण्याचे मनावर घेताच इतका गहजब झाला की अध्यक्षांना हस्तक्षेप करावा लागला. आणि २०१६ च्या कायद्याने सवलतीची मर्यादा १० हजार पेसोंवरून दीड लाखांवर नेली. हे सारे गोड आहे असेही नाही. २०२२ मध्ये परदेशातील दलालांनी पैसे घेऊन पुढच्या हस्तकांना दिलेच नाहीत, म्हणून हजारो पेट्या मनिलाच्या बंदरात बेवारशी पडल्या. तेव्हा नुसता ठरीव दर पुरेसा नाही. तो घेणाऱ्यावर जामिनकीचे बंधनही हवे.

आपल्याकडे वारे उलट दिशेने वाहिले. भेट म्हणून टपालाने वा कुरियरने येणाऱ्या ५,००० रुपयांपर्यंतच्या मालाची माफी डिसेंबर २०१९ मध्ये काढून घेण्यात आली. राखी आणि जीवरक्षक औषधे तेवढी वगळली. परदेशी दुकानदार भेटीच्या नावाखाली माल विकत होते, हे त्यामागचे कारण खोटे नव्हते. पण दुकानदाराच्या लबाडीची शिक्षा चाकरमान्याला झाली. २०२२ साली परदेशस्थ भारतीयांनी १०० अब्ज डॉलरांहून अधिक रक्कम मायदेशी धाडली. तिचा उल्लेख मंत्र्यांच्या भाषणांत अभिमानाने होतो. त्याच माणसांची पेटी मात्र संशयित म्हणून गोदामात बसते.

करमाफीचा वाद क्षणभर बाजूला ठेवला तरी एक गोष्ट सरकारला तिजोरीस धक्का न लावता करता येईल. घरगुती सामानाची नोंदणी घेणाऱ्या परदेशी दलालाचा भारतातील हस्तक परवान्याखाली आणावा, त्याच्याकडून अनामत घ्यावी, आणि गोदामातून पेटी बाहेर पडेपर्यंतचा, सीमाशुल्क वगळून, संपूर्ण खर्च एकाच आकड्यात लेखी देण्याचे बंधन त्याच्यावर घालावे. त्या आकड्यापेक्षा एक रुपयाही जादा मागितला तर तो अनामतीतून वळता व्हावा. न्हावाशेव्याच्या गोदामांची दरपत्रके एकत्र करून आखातातील भारतीय वकिलातींनी ती आपल्या फलकांवर मराठी, मल्याळम, तेलुगू, हिंदीत लावावीत. तो आकडा मस्कतमधल्या दुकानातच, पेटी बंद होण्यापूर्वी, फिटरच्या हातात पडला पाहिजे. शिवणयंत्र न्यावे की विकावे हे मग त्याचे तो ठरवील.