‘ख्वाडा’ला मिळालेला साउंडचा राष्ट्रीय पुरस्कार बंद झाला, यात गावाकडच्या सिनेमाचं काय गेलं?

समजा, बीड जिल्ह्यातल्या घाटनांदूरच्या रेल्वे स्टेशनवर एका मराठी सिनेमाचं शूटिंग सुरू आहे. अंबाजोगाई तालुक्यातलं हे गाव परळी ते लातूर रोड रेल्वेमार्गावर येतं. सीन साधा आहे. पोरगा कामासाठी पुण्याला निघालाय आणि बाप विचारतोय, “कुठं जायलास?” बापाचा आवाज भरून येतो, टेक एकदम जमलाय, आणि तेवढ्यात मालगाडीचा हॉर्न वाजतो.

आता टीमसमोर दोन रस्ते आहेत. एक, गाडी जाईपर्यंत थांबून पुन्हा टेक घ्यायचा. दोन, चित्र ठेवायचं आणि आवाज नंतर मुंबईच्या स्टुडिओत डब करायचा. दुसरा रस्ता स्वस्त आणि सोपा वाटतो. पण दोन महिन्यांनी एसी खोलीत पडद्याकडे बघत म्हटलेल्या “जायलास”मध्ये शब्द तोच असतो, स्टेशनवर भरून आलेला गळा मात्र पुन्हा सापडेलच असं नाही.

पहिला रस्ता निवडणाऱ्या माणसासाठी देशात एक स्वतंत्र राष्ट्रीय पुरस्कार होता. आता तो नाही.

हा पुरस्कार नेमका काय होता?

२००९ च्या सिनेमांपासून राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांमध्ये ध्वनीसाठी तीन वेगळे पुरस्कार दिले जायचे. शूटिंगच्या जागेवर कलाकारांचा खरा आवाज पकडणारा तो लोकेशन साउंड रेकॉर्डिस्ट. संपूर्ण सिनेमा कसा ऐकू येईल हे रचणारा साउंड डिझायनर. आणि संवाद, संगीत, बाकीचे आवाज यांचा शेवटचा मेळ घालणारा मिक्सर. यातला पहिला पुरस्कार फक्त सिंक साउंडच्या, म्हणजे सेटवरच आवाज रेकॉर्ड केलेल्या सिनेमांसाठी होता.

या पुरस्काराची यादी बघितली की एक गोष्ट लक्षात येते. पहिल्या वर्षी तो ‘कमीने’ला गेला. पण पुढे २०१४ च्या सिनेमांमधून निवड झाली ती भाऊराव कऱ्हाडे यांच्या ‘ख्वाडा’ची. धनगर कुटुंबाची ही मराठी गोष्ट रेकॉर्ड केली होती महावीर सब्बनवाल यांनी. २०१७ साठी आसामच्या खेड्यातला ‘व्हिलेज रॉकस्टार्स’, २०१८ साठी पुन्हा मराठी, गौरव वर्मा यांनी रेकॉर्ड केलेला ‘तेंडल्या’, आणि २०१९ साठी शिलाँगच्या बाजारातला खासी भाषेतला ‘इएवदूह’.

ना मोठे स्टार, ना मोठं बजेट. तरीही हे सिनेमे इथं जिंकत होते, कारण इथं स्पर्धा होती ती माणसाचा आवाज किती खरा पकडला याची.

मग बदललं काय?

२०२४ मध्ये राष्ट्रीय पुरस्कारांची फेररचना झाली. ध्वनीचे तिन्ही पुरस्कार एकत्र करून ‘सर्वोत्कृष्ट साउंड डिझाइन’ असा एकच पुरस्कार ठेवला. रक्कम ५० हजारांवरून २ लाख रुपये झाली. त्यानंतर २०२२ साठी हा पुरस्कार ‘पोन्नियिन सेल्वन १’ला मिळाला, तर ऑगस्ट २०२५ मध्ये जाहीर झालेल्या पुरस्कारांत २०२३ साठी तो ‘अ‍ॅनिमल’ला गेला.

या दोन्ही सिनेमांच्या साउंडचं काम मोठं आहे, त्याबद्दल वाद नाही. मुद्दा असा की लढाया, गोळीबार आणि शेकडो थरांचा आवाज रचणाऱ्या सिनेमासमोर आता ‘ख्वाडा’सारखा सिनेमा त्याच एका रांगेत उभा राहणार. तिथं बापाच्या भरल्या गळ्याला किती मार्क मिळणार?

दुसरी बाजूही आहे

हा पुरस्कार निर्दोष नव्हता. जुलै २०२२ मध्ये लोकेशन साउंडचा पुरस्कार ‘डोल्लू’ या कन्नड सिनेमाला जाहीर झाला. त्यावर सिनेमाचे साउंड डिझायनर नितीन लुकोस यांनीच ट्विट करून सांगितलं की हा सिंक साउंडचा सिनेमा नाही, तो डब केलेला आहे. ऑस्कर विजेते रसूल पूकुट्टी यांनीही तेव्हा प्रश्न उपस्थित केला होता. शिवाय आवाज ही एकसंध गोष्ट आहे, तिचे तुकडे कशाला, असंही म्हणता येतं.

पण परीक्षणात चूक झाली तर परीक्षण सुधारायचं असतं. विषयच काढून टाकला तर तो शिकणाऱ्याचंही नुकसान होतं.

हे एवढं महत्त्वाचं का?

कारण सेटवर सगळ्यात आधी तडजोड होते ती आवाजाची. लाइट लागेपर्यंत सगळे थांबतात, पण साउंडवाल्यानं “एक मिनिट, जनरेटर बंद करा” म्हटलं की कपाळाला आठ्या पडतात. त्याचं काम तसं दिसत नाही. आधी जाऊन जागा ऐकायची, गाड्यांच्या वेळा आणि देवळाच्या भोंग्याची वेळ विचारायची. बूम माइक फ्रेमच्या बाहेर पण तोंडाच्या जवळ धरायचा. वाऱ्यासाठी माइकला केसाळ कव्हर घालायचं. सीन संपला की सगळ्यांना गप्प करून त्या जागेची नुसती शांतता अर्धा मिनिट रेकॉर्ड करायची, म्हणजे एडिटिंगमध्ये जोड ऐकू येत नाही.

हिंदी सिनेमात डबिंगची सवय जुनी. आवाज करणारे कॅमेरे हे त्याचं एक कारण. २००१ मध्ये ‘लगान’नं कच्छमध्ये एवढी गर्दी घेऊन सिंक साउंड केला, तेव्हा ते जमतं हे मोठ्या इंडस्ट्रीला दिसलं.

आज मराठवाड्यातली पोरं मोबाइलवर शॉर्टफिल्म आणि वेबसीरिज करतायत. फोरके चित्र खिशात आलंय, आवाज मात्र अजूनही जवळ जाऊनच पकडावा लागतो. अशा पोरांमधल्या एखाद्यानं बूम हातात घ्यावा, तर त्या कामाला देशात नाव आहे हे त्याला दिसायला हवं.

घाटनांदूरची मालगाडी पाच मिनिटांत निघून जाते. तेवढा वेळ कुणीतरी थांबायला तयार असलं, तर तो “जायलास” जसा स्टेशनवर निघाला तसाच थिएटरात ऐकू येतो.