फुप्फुसांतील ठिपका आणि कर्करोगाची धास्ती

फुप्फुसांचा कर्करोग वेळेवर हुडकता आला तर प्राण वाचतात, याला आता भक्कम पुरावा आहे. अमेरिकेत 2002 साली सुरू झालेल्या एका विस्तृत चाचणीत 53,454 स्त्री-पुरुष सहभागी झाले होते. कमी किरणमात्रेचा सी. टी. स्कॅन केलेल्या गटात या रोगाचे मृत्यू साध्या क्ष-किरण तपासणीच्या गटापेक्षा 20 टक्क्यांनी कमी झाल्याचे 2011 मध्ये प्रसिद्ध झाले.

तथापि त्याच चाचणीचा दुसरा आकडाही ध्यानात घेतला पाहिजे. तेथील सुमारे 24 टक्के स्कॅन 'संशयास्पद' ठरले आणि त्यांतील 96 टक्क्यांहून अधिक संशय निराधार निघाले. म्हणजे हजार स्कॅनमागे सुमारे 240 संशय आणि प्रत्यक्ष कर्करोग जेमतेम नऊ! हा यंत्राचा दोष नव्हे. यंत्र ठिपका दाखवते. तो कशाचा, हे सांगत नाही. तेथे चार मिलिमीटरची गाठही संशयित मानली होती. पुढे त्याच स्कॅनना सहा मिलिमीटरचा नवा निकष लावून पाहता पहिल्या फेरीतील खोटे इशारे निम्म्याहून कमी झाले, पण काही खरे कर्करोगही निसटले.

आपल्याकडे तर प्रश्न अधिकच बिकट. जगातील सुमारे एकचतुर्थांश क्षयरुग्ण भारतात आहेत, आणि बरा झालेला क्षयही फुप्फुसात व्रण व गाठी ठेवून जातो. 'पेट' स्कॅनवरही क्षयाची गाठ कर्करोगासारखीच उजळू शकते. मग सुई घालून तुकडा काढणे आले. त्यात फुप्फुसाला छिद्र पडण्याचा धोका आला. महिनोन् महिने झोप उडते आणि कारकुनाच्या भविष्यनिर्वाह निधीला गळती लागते, ती वेगळीच.

अमेरिकेतील ती माणसे 55 ते 74 वयाची, रोज एक पाकीट याप्रमाणे किमान तीस वर्षे सिगारेट ओढल्याइतके धूम्रपान केलेली होती. त्यांना लाभलेला उपाय कधी विडीही न शिवलेल्या तिशीतल्या माणसाला 'संपूर्ण आरोग्य तपासणी'च्या नावाखाली विकणे हा शुद्ध व्यापार होय. स्कॅनपूर्वी क्षयाचा पूर्वेतिहास विचारणे आणि संशय निराधार ठरण्याची शक्यता मराठीत लेखी सांगणे शासनाने बंधनकारक करावे. आणि घरातली जुनी क्ष-किरण छायाचित्रे व स्कॅन रद्दीत घालू नयेत. दोन वर्षे तसूभरही न वाढलेली भरीव गाठ बहुधा निरुपद्रवी असते, आणि ते ठरवायला जुने चित्रच हाताशी लागते.