हे खरे आहे काय?

आरोग्याच्या सदरात आमदारांचे काय काम, असे काही वाचकांना वाटेल. पथ्यपाणी, रक्तदाब आणि मुलांच्या लसी यांवर लिहिणाऱ्याने विधानसभेच्या वाटेला कशाला जावे? कारण सरळ आहे. सार्वजनिक आरोग्य आणि दवाखाने हा राज्यघटनेनुसार राज्याचा विषय आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टर असणे, ग्रामीण रुग्णालयात औषध असणे, रुग्णवाहिकेत डिझेल असणे, हे कोणाच्या चांगुलपणावर चालत नाही. त्यासाठी पैसा मंजूर व्हावा लागतो, पदे भरावी लागतात, आणि ती का भरली नाहीत हे विचारणारा कोणीतरी सभागृहात उभा राहावा लागतो.

आपल्याकडे सेवाभावी मंडळींची वाण नाही. नेत्रशिबिरे होतात, रक्तदान होते, पूर आला की डब्यांची रांग लागते. पण लोकप्रतिनिधींकडे जायची वेळ आली की आमच्या कार्यकर्त्यांना एकच गोष्ट येते, ती म्हणजे निवेदन. पुष्पगुच्छ, निवेदन, फोटो आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात बातमी. निवेदनात लिहिलेले असते, ‘तालुक्यातील आरोग्यसेवेचा बोजवारा उडाला असून तरी योग्य ती कार्यवाही व्हावी.’ आमदार त्यावर शेरा मारून कागद पुढे पाठवतात, अधिकारी तो आणखी पुढे पाठवतात, आणि बोजवारा होता तिथेच राहतो. यात आमदारांची चूक मला फारशी दिसत नाही. ‘योग्य ती कार्यवाही’ म्हणजे नेमके काय, हे आपणच त्यांना सांगितलेले नसते.

गेली काही वर्षे मी अशा कार्यकर्त्यांची एकेक-दोन दोन दिवसांची शिबिरे घेतो. मोठ्या शहरांतल्या संस्था याला ‘अॅडव्होकेसी’ म्हणतात. मराठीत कोणी ‘जनवकिली’ म्हणतात. मला आपला साधा ‘पाठपुरावा’ शब्द बरा वाटतो. विषय नवा नाही. पुण्यात ‘नॅशनल सेंटर फॉर अॅडव्होकेसी स्टडीज’ ही संस्था १९९२ सालीच याच शिक्षणासाठी सुरू झाली. पण हे शिक्षण बहुधा हॉटेलच्या सभागृहात, इंग्रजी तक्त्यांसह होते, आणि तालुक्याच्या गावी ज्याला खरी गरज आहे तो कार्यकर्ता तिथपर्यंत पोहोचत नाही. म्हणून मी एकच उदाहरण घेऊन शिकवतो. ते आहे सर्पदंशाचे.

हे उदाहरण घेण्याचे कारण असे, की तो आपल्या शेतकऱ्याचा आजार आहे आणि कागदावर तो दिसत नाही. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासाने अंदाज काढला, की २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सुमारे १२ लाख माणसे साप चावून मेली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. सरकारी दवाखान्यांच्या नोंदीत यांतले थोडेच सापडतात, कारण बहुतेक मृत्यू घरी किंवा वाटेत होतात. केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये सर्पदंशावर राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला. २०३० पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणायचे, असे त्यात म्हटले आहे. त्याच वर्षी नोव्हेंबरात केंद्राने राज्यांना पत्र लिहून सर्पदंशाची नोंद सक्तीची करण्यास सांगितले. आता कार्यकर्त्याने आमदारांकडे काय मागायचे?

इथे मी शिबिरात विधिमंडळाच्या प्रश्नोत्तरांचे नमुने वाचायला देतो. आपल्या विधिमंडळातील तारांकित प्रश्नाचा साचा ठरलेला आहे. ‘अमुक ठिकाणी अमुक घडले, हे खरे आहे काय? असल्यास, शासनाने कोणती कार्यवाही केली? नसल्यास, विलंबाची कारणे काय?’ कार्यकर्ते उत्साहाने पहिला प्रश्न लिहितात, ‘अमुक प्राथमिक आरोग्य केंद्रात सर्पदंशावरील लस उपलब्ध नाही, हे खरे आहे काय?’ मग मी मंत्र्यांच्या बाजूने उत्तर देतो, ‘हे खरे नाही.’ पुढच्या दोन्ही भागांना ‘प्रश्न उद्भवत नाही.’ संपले. सहा महिन्यांची धावपळ दोन ओळींत बुडाली.

आणि मंत्री खोटे बोललेले नसतात. औषध कपाटात असते. (लोक त्याला लस म्हणतात, खरे म्हणजे ते प्रतिविष आहे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांच्या विषावर एकच औषध चालते.) अडचण वेगळीच असते. या औषधाची काही रुग्णांना जोराची रिअॅक्शन येते, रक्तदाब एकदम कोसळतो. अॅड्रिनॅलिन हाताशी असेल तर ती सावरता येते. पण रात्री एकटाच असलेला तरुण डॉक्टर घाबरतो, सलाईन लावतो आणि जिल्ह्याला पाठवून देतो. घोणस चावलेल्याचे रक्त गोठायचे थांबलेले असते, मूत्रपिंडे धोक्यात असतात. मण्यार चावलेल्याच्या पापण्या मिटू लागलेल्या असतात, थोड्या वेळाने श्वास बंद पडणार असतो. ५० किलोमीटरचा रस्ता हाच त्याचा मृत्यू ठरतो, आणि साठ्याच्या वहीत औषध शिल्लक असते.

म्हणून प्रश्न असा हवा : १ जून ते ३० सप्टेंबर या काळात तालुक्यातील प्रत्येक केंद्रात सर्पदंशाचे किती रुग्ण आले, त्यांपैकी विषबाधेची लक्षणे किती जणांना होती, पुढे पाठवण्यापूर्वी प्रतिविषाची पहिली मात्रा त्यांतल्या किती जणांना मिळाली, आणि तिथल्या किती वैद्यकीय अधिकाऱ्यांना या उपचाराचे प्रशिक्षण दिले आहे? याला ‘हे खरे नाही’ असे उत्तर देता येत नाही. आकडे द्यावे लागतात, आणि आकडे गोळा करताना खात्यालाच कळते की आपण नोंदी ठेवलेल्या नाहीत.

‘विषबाधेची लक्षणे’ हे शब्द विसरू नयेत. बरेच साप बिनविषारी असतात, आणि विषारी सापही दर वेळी विष सोडतोच असे नाही. अशा रुग्णाला प्रतिविष दिले नाही तर डॉक्टरने बरोबरच केले. हा फरक न कळता आरोप केला तर मंत्री सभागृहात आमदारांचे हसे करतील, आणि एकदा हसे झालेले आमदार पुन्हा आपल्यासाठी उभे राहणार नाहीत. लोकप्रतिनिधीकडे जाणाऱ्याने आधी आपला विषय डॉक्टरकडून, परिचारिकेकडून नीट समजून घ्यावा, असा माझा आग्रह असतो तो यासाठी.

शिबिराचा दुसरा दिवस नाटकाचा. एकाला आमदार करतो, एकीला स्वीय सहाय्यक. बाकीचे लग्नपत्रिका, बदलीचा अर्ज, रस्त्याची तक्रार, पोलीस ठाण्याची भानगड घेऊन गर्दी करतात. त्यात कार्यकर्त्याने तीन मिनिटांत आपले सांगायचे. पहिल्या फेरीत बहुतेक जण संस्थेचा इतिहास सांगण्यातच वेळ घालवतात. तिसऱ्या फेरीपर्यंत सुधारणा होते. एकच पान, वर गावांची नावे, खाली तयार प्रश्न. आणि स्वीय सहाय्यकाला नमस्कार करून त्याच्या हाती दुसरी प्रत. कागद सापडतो तो त्याच्याकडेच, हे अनुभवी मंडळी जाणतात.

कोणाकडे काय मागायचे हेही पाठ करून घ्यावे लागते. प्राथमिक आरोग्य केंद्रे आणि उपकेंद्रे जिल्हा परिषदेकडे आहेत, ग्रामीण रुग्णालय थेट राज्याकडे. प्रश्नाखेरीज आमदारांच्या हाती लक्षवेधी सूचना असते, अर्थसंकल्पाच्या वेळी कपात सूचना असते. मंत्र्यांनी सभागृहात ‘करू’ म्हटले तर त्या शब्दाचा हिशेब ठेवायला आश्वासन समिती असते. आमचे कार्यकर्ते आश्वासन मिळाले की पेढे वाटतात. माझ्या मते खरे काम त्या दिवशी सुरू होते.

चिकाटी कशी असते हे पाहायचे तर जादूटोणाविरोधी कायद्याकडे पाहावे. साताऱ्याचे डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि त्यांचे कार्यकर्ते कित्येक वर्षे आमदारांच्या भेटी घेत राहिले. २००५ मध्ये विधानसभेत मंजूर झालेले विधेयक विधान परिषदेत अडकले. या कायद्याने पूजाअर्चा बंद होईल, असा प्रचार झाला. मसुदा पुन्हा पुन्हा बदलला, आणि प्रत्येक बदलानंतर कलमन् कलम समजावून सांगावे लागले. २० ऑगस्ट २०१३ रोजी डॉ. दाभोलकरांचा पुण्यात खून झाला. काही दिवसांतच वटहुकूम निघाला आणि डिसेंबर २०१३ मध्ये कायदा झाला. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या माणसाला दवाखान्यात जाण्यापासून रोखून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणे हा त्या कायद्याने आज गुन्हा आहे. पण मांत्रिकाकडून सोडवून आणलेल्या रुग्णाला केंद्रात औषध मिळाले नाही, तर त्या कलमाचा उपयोग किती?

काही विश्वस्त मला म्हणतात, ‘डॉक्टर, आमची संस्था धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली आहे. राजकारण नको.’ पक्षाचा प्रचार नको, हे मलाही मान्य आहे. निवडणुकीच्या काळात तर उमेदवाराच्या व्यासपीठाजवळही फिरकू नये. पण निवडून आलेल्या आमदाराला, मग तो कोणत्याही पक्षाचा असो, तालुक्यातील मृत्यूंचा आकडा सांगणे हे राजकारण नव्हे. ज्या संस्थांना परदेशी देणगी मिळते त्यांनी २०२० सालचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल वकिलाकडून समजून घ्यावा. सक्रिय राजकारणाशी संबंध नसलेल्या संस्थेने सार्वजनिक प्रश्नावरील आंदोलनाला पाठिंबा दिला, एवढ्यावरून तिची देणगी रोखता येणार नाही, असे त्यात म्हटले आहे. मला खरी काळजी वाटते ती वेगळ्याच माणसाची, आशाताईची. कोणता रुग्ण कधी आला, कुठे पाठवला, वाटेत काय झाले, हे तिला ठाऊक असते. तिने सांगितले म्हणून तिचे नाव निवेदनात घालणारे उत्साही लोक मी पाहिले आहेत. मानधनावर काम करणारी ती बाई. उद्या तिला जाब विचारला जातो, आणि संस्था त्या वेळी पुढच्या शिबिराच्या तयारीत असते. तिचे नाव कागदावर येता कामा नये. तिने सांगितलेली गोष्ट माहितीच्या अधिकारात अर्ज करून केंद्राच्या नोंदीतून काढावी. रुग्णाचे नावही नातेवाइकांच्या परवानगीशिवाय देऊ नये. केंद्रावरच्या डॉक्टरला आरोपी करू नये. दोन पदे मंजूर असताना तो एकटाच दोघांचे काम करत असेल, तर तो आपल्या बाजूचा साक्षीदार आहे.

हिवाळी अधिवेशन डिसेंबरात नागपूरला भरते आणि प्रश्नांची सूचना त्याच्या कितीतरी आधी द्यावी लागते. माहितीच्या अधिकारातील अर्जाला ३० दिवस लागतात, तेही उत्तर वेळेवर आले तर. म्हणजे पावसाळ्यातील नोंदी मागण्याचा अर्ज सप्टेंबर संपताच पडला पाहिजे. दिवाळीला आमदार गावी भेटतात, तेव्हा हाती फराळाचा डबा असो वा नसो, ते एक पान असावे.