पुतळ्याच्या तोंडी कोणाची व्यथा?

भारतीय परिचर्या परिषदेने २०२१ साली बी.एस्सी. नर्सिंगच्या अभ्यासक्रमात सिम्युलेशनला, म्हणजे पुतळ्यावर वा रुग्णाची भूमिका घेणाऱ्या व्यक्तीवर करावयाच्या सरावाला, स्थान दिले. कल्पना नवी नव्हे; अमेरिकेतील हार्टफर्ड येथे १९११ सालीच ‘मिसेस चेस’ ही बाहुली परिचारिकांच्या शिक्षणात दाखल झाली होती. प्रश्न आहे तो पुतळ्याभोवती रचल्या जाणाऱ्या प्रसंगाचा. महानगरातील अतिदक्षता विभागाचा तयार प्रसंग धाराशिवच्या विद्यार्थिनीला कितपत उपयोगी पडणार? तिच्यापुढे येणार आहे ती परंड्याकडची, उसाच्या फडावरून परतलेली, रक्तक्षयाने पांढरीफटक पडलेली बाळंतीण. वार पडली तरी रक्तस्राव थांबत नाही. रात्रीची वेळ, डॉक्टर अजून वाटेत. गर्भाशय चोळणे, ऑक्सिटोसिन, सलाइन, सांडलेल्या रक्ताचा अंदाज – यांतील कशाला विलंब झाला तर नाडी किती चढेल, रक्तदाब किती उतरेल, हे प्रसंगकर्त्याने आधीच लिहून ठेवावे लागते. त्यानंतरच्या चर्चेत विद्यार्थिनीला निर्भयपणे बोलता आले पाहिजे. (वरिष्ठांपुढे गप्प राहण्याचे शिक्षण तिला निराळे द्यावे लागत नाही.)

अणदूरच्या हॅलो मेडिकल फाउंडेशनने खेड्यांतील स्त्रियांना ‘भारतवैद्य’ म्हणून घडविले. प्रसंग लिहिताना त्यांना आणि आशा सेविकांना सोबत बसवावे. पुतळा बाजारात विकत मिळतो. प्रसंग लिहिण्यासाठी शिक्षिकेला वेळ दिला जातो काय, हे जिल्ह्यातील कार्यकर्त्यांनी नर्सिंग संस्थांना विचारावे.