तपासणी हवी, पाय उतरवणं नको

ऑक्टोबर २०२१मध्ये नर्तिका आणि अभिनेत्री सुधा चंद्रन यांनी थेट पंतप्रधानांना विनंती केली. विमानतळावर दर वेळी कृत्रिम पाय काढायला लावतात, स्फोटकांची यंत्रतपासणी करा म्हटलं तरी ऐकत नाहीत, ही त्यांची तक्रार होती. केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाने लगेच माफी मागितली आणि कृत्रिम अवयव अपवादात्मक परिस्थितीतच काढायला सांगायचा असतो, असंही सांगितलं. मला त्या माफीपेक्षा हा खुलासा महत्त्वाचा वाटतो. म्हणजे नियम होताच. अपवाद कुणी आणि कशावरून ठरवायचा, एवढंच तपासणीच्या टेबलापाशी उभ्या असलेल्या जवानावर सोडलेलं होतं. तिथे अपवादाचा रिवाज व्हायला वेळ लागत नाही.

गुडघ्याच्या वरून पाय गेलेल्या माणसाला जयपूर फूट काढायचा तर आधी पँट उतरवावी लागते. मग पट्टा सोडायचा, सॉकेटमधून मांडी ओढून काढायची, आतला मोजा सारखा करायचा आणि पुन्हा घालताना सगळं नीट बसवायचं, नाहीतर दिवसभर घासून कातडी सोलवटते. हे सगळं मागे रांग खोळंबलेली असताना. यावर कुणी म्हणेल, पोकळ पायात काहीही लपवता येतं, आणि सुरक्षेत दयामाया कशाला? लपवता येतं, हे खरंच. म्हणूनच तपासणी हवी, अगदी कसून हवी. पण पायावरून, सॉकेटच्या कडेवरून पट्टी फिरवून ती यंत्रात घातली की स्फोटकाचा अंश आहे का, हे काही सेकंदांत कळतं. यंत्राने इशारा दिला तर आडोशाला नेऊन पुढची तपासणी करावी; त्याला कुणाचीच हरकत नसावी. संशयाला पुरावा लागतो आणि पाय नसणं हा पुरावा नव्हे. सर्वोच्च न्यायालयानेही डिसेंबर २०२१मध्ये अपंग हक्क कार्यकर्त्या जीजा घोष यांच्या प्रकरणात हेच सांगितलं, की माणसाची प्रतिष्ठा राखायची तर कृत्रिम अवयव काढायला लावू नये; अपंग प्रवाशाला त्याच्या संमतीशिवाय उचलून हलवणं तर अमानुष आहे.

सुधा चंद्रन यांचं म्हणणं देशाने ऐकलं, कारण त्यांचा चेहरा घरोघरी ओळखीचा. मुरगूडहून कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळावर जाऊन पहिल्यांदाच विमानात बसणाऱ्या माणसाला हा नियम कोण सांगणार? तो गणवेशासमोर मुकाट्याने पाय काढून देईल. म्हणून प्रत्येक तपासणी कक्षाबाहेर हा नियम मराठीत, ठळक अक्षरांत लावावा, आणि अवयव काढायला सांगायचंच झालं तर वरिष्ठाने कारण लिहून सही करावी. सही करायची म्हटली की माणूस दोनदा विचार करतो. जवानांना शिकवायला कोल्हापुरात माणसंही आहेत: स्वतः चाकाच्या खुर्चीवर असलेल्या नसीमा हुरजूक यांनी १९८४ साली उभी केलेली हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड ही संस्था इथलीच. विमानतळ प्रशासनाने या संस्थेच्या माणसांना एकदा बोलवावं.