मनाचें दुखणें व शेजारधर्म

एखाद्या घरीं विषमज्वराचा रोगी असला, तर आळींतील माणसें विचारपूस करावयास जातात. कोणी पेज नेऊन देतें, कोणी रात्रीं उशाशीं बसतें. दुखणें मनाचें असलें कीं तोच शेजार दाराआडून कुजबुजतो. आमच्या एका विद्यार्थ्याचे वडील कित्येक महिने घराबाहेर पडले नाहींत. आम्ही रोज त्या दारावरून जात असूं. पण काय बोलावें हें न सुचून कधीं आंत गेलों नाहीं.

आफ्रिकेंतील झिंबाब्वे देशांत मनोविकारांचे डॉक्टर फारच थोडे. तेथें हरारे शहरीं डॉ. डिक्सन चिबांडा यांनीं २००६ सालीं १४ आजीबाईंस शिकवून तयार केलें. दवाखान्याच्या आवारांत एक लाकडी बांक. त्यावर बसून आजी दुःखिताचें सारें ऐकून घेते, मग अनेक अडचणींतून आधीं सोडविण्याजोगी एकच निवडावयास सांगते. या खिन्नतेस शोना भाषेंत ‘कुफुंगिसिसा’, म्हणजे अति विचार करणें, असें नांव आहे. आपल्या बायका ‘फार विचार करते बिचारी’ म्हणतात, तेंच हें! २०१६ सालीं प्रसिद्ध झालेल्या ५७३ रुग्णांच्या परीक्षेंत या उपायाचा गुण स्पष्ट दिसला. मात्र नुसत्या ममतेनें हें साधलें नाहीं. आजींस शिक्षण होतें, आणि दुखणें भारी दिसल्यास त्या रोग्यास डॉक्टराकडे धाडीत.

आपल्या आशाताईंस व वडीलधाऱ्या बायांस असें शिक्षण मिळावें, असें आमचें मत आहे. बांकाची अडचण नाहीं. पार आहेत, ओटे आहेत.

गेल्या महिन्यांत आम्ही त्या घरीं गेलों. चहा झाला, शब्द थोडेच झाले. निघतांना ते म्हणाले, “पुन्हां या, मास्तर.”