मुलगा की मुलगी, घाई नको! बाळाच्या लघवीच्या जागेत दोष दिसला तर आधी हार्मोन तपासा

बीड जिल्ह्यातल्या माजलगावचे पोलीस शिपाई ललित साळवे आठवतात ना? मुलगी म्हणून वाढले, महिला पोलीस म्हणून भरती झाले. पुढे तपासणीत वाय, म्हणजे पुरुषाचं गुणसूत्र निघालं. रजेसाठी हायकोर्टात धाव घ्यावी लागली. मे 2018 मध्ये मुंबईच्या सेंट जॉर्ज रुग्णालयात पहिली शस्त्रक्रिया झाली, तेव्हा वय तिशीच्या घरात. बातम्या रजेच्या झाल्या. असे दोष जन्मल्याबरोबर का पाहिले जात नाहीत, हा प्रश्न मागेच राहिला.

काटोल-नरखेडपासून कुही-भिवापूरपर्यंत कोणाच्याही घरी हे होऊ शकते. साधारण अडीचशे-तीनशे मुलांमागे एकाचं लघवीचं छिद्र टोकाला नसून खाली असतं. शंभरात तीनेक पोरांच्या गोट्या पिशवीत उतरलेल्या नसतात. बहुतेकांच्या सहा महिन्यांत आपोआप उतरतात. एकच दोष असला तर हार्मोन बहुधा ठीक असतात, ऑपरेशनने काम भागते. दोन्ही दोष सोबत असले, किंवा लिंग फारच लहान असलं, तर मामला वेगळा.

पोटातल्या तिसऱ्या महिन्याच्या सुमारास मुलाच्या गोट्या टेस्टोस्टेरॉन बनवतात. ते कमी पडलं, किंवा ते बनवणारं, पुढे बदलणारं एन्झाइम बिघडलेलं असलं, की अवयव अर्धवट घडतो. आईनं ग्रहण पाळलं नाही म्हणून काही होत नाही! एन्झाइमचे हे दोष बहुतेक मायबाप दोघांकडून येतात, म्हणून मामा-आत्याच्या नात्यात लग्न झालेल्या घरी शक्यता जास्त.

आता जिवावरची गोष्ट. बाळ मुलासारखं दिसतं, पण दोन्ही गोट्या हाताला लागत नाहीत. ती मुलगी असू शकते, आणि दोष किडनीवरच्या ग्रंथीत असू शकतो. अंगातलं मीठ लघवीवाटे जातं. दुसऱ्या आठवड्याच्या आसपास उलट्या होतात, बाळ दूध सोडतं, सुस्त पडतं आणि दगावतं. घरचे म्हणतात, उलट्या झाल्या न् गेलं. रक्त तपासून वेळेवर औषध दिलं तर हे लेकरू वाचते. ते औषध मात्र जन्मभर चालू ठेवावं लागतं.

पहिल्या तीन महिन्यांत मुलाचं टेस्टोस्टेरॉन आपोआप वाढतं, तेव्हाच तपासणी सोपी. नंतर इंजेक्शन देऊन तपासावं लागतं. म्हणून सव्वा महिना होऊ द्या, बारसं होऊ द्या, असं करू नका. मेडिकल, मेयो किंवा मिहानचं एम्स गाठा. खर्च महात्मा फुले योजनेत बसतो का, ते आरोग्यमित्राला विचारा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत, शाळेत येतं, पण भरल्या वर्गात कोणता पोट्टा चड्डी काढून दाखवेल? आईनंच आशाताईला किंवा पथकातल्या डॉक्टरला बाजूला घेऊन सांगावं.

छिद्र खाली असलेल्या मुलाची सुंता आधी करू नये; दुरुस्तीला तीच कातडी लागते. न उतरलेल्या गोटीचं ऑपरेशन सहा ते अठरा महिन्यांच्या आत.